म्हाळू गुराख्याचे तीन धोंडे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, उंबरदऱ्यात त्यावरूनही अजून वाद होतात. तेव्हा त्या गावात म्हाळू नावाचा गुराखी होता. सबंध गावाची गुरं तो सकाळी चरायला न्यायचा आणि दिवेलागणीच्या आत परत आणायचा. शंभरावर जनावरं, पण एकही चुकीच्या दारात शिरायचं नाही. ज्याची गाय त्याच्या दावणीला बांधायची, एवढं एकच काम त्याला नीट येत होतं. बाकी सगळ्या बाबतीत तो गोंधळलेला असायचा, असं म्हणतात.

आणि गोंधळ तरी किती. पलीकडच्या रानात वाघ आला असं कानावर पडलं, की शहाणा माणूस घरी पळतो. म्हाळू तिथंच उभा राहून विचारायचा, "तू बघितलास का वाघ?" समोरचा म्हणायचा, "मी न्हाई, माझ्या मेव्हण्यानं सांगितलं." "मंग मेव्हण्यानं बघितला?" "त्यानं पंजा उठलेला बघितला." एवढ्यावर म्हाळूचं डोकं दुखायला लागायचं. रानात वाघ आला, पंजा आला, की नुसता शब्दच आला, हे त्याला उमगायचं नाही. लोक हसायचे. याची अक्कल गुरांबरोबर चरायला गेली आणि तेवढी मात्र परत आली नाही, असं बायका विहिरीवर म्हणायच्या.

म्हाळूच्या घरात दुसरं माणूस एकच, त्याची भाची चिमा. आई लहानपणीच गेली म्हणून मामानेच तिला वाढवलं होतं. लग्न करून दिलं, तर वर्षाच्या आत नवरा तापाने गेला आणि ती परत मामाकडे आली. विहिरीवर रहाट ओढून गुरांची दगडी डोणी भरायचं काम तिच्याकडे होतं. संध्याकाळी सगळी गुरं त्या डोणीवर पाणी पिऊन मग घरोघर जायची.

एका वर्षी पाऊस अर्ध्यावरच पळाला. गुडघ्याएवढी ज्वारी वाळली. लोकांनी ती तशीच कापून घेतली आणि कपाळाला हात लावून बसले. पुढे एक हलकी सर आली आणि त्या कापलेल्या ताटांना हिरवेगार फुटवे फुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी केरबाचा बैल डोणीवर पाणी प्यायला आणि तिथंच पाय झाडून मेला. केरबा म्हणजे गावातला सगळ्यांत तापट माणूस, पण बैलांवर पोटच्या पोरासारखी माया. चार दिवसांनी दोन गाई पाणी पिऊन पडल्या. आणखी चार दिवसांनी केरबाचा दुसराही बैल गेला. त्या दिवशी तो मोकळं जू उराशी धरून रडला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराखाली गाव जमलं. केरबाने चिमाकडे बोट केलं. "हिनं डोणीत कायतरी कालवलं. पांढऱ्या पायाची हाय ही. आधी नवरा खाल्ला, आता आमची गुरं खाती." मग काय, सगळ्यांनाच एकदम सगळं आठवायला लागलं. कोणी म्हणे ती पाण्याकडे बघून पुटपुटते, कोणी म्हणे तिच्या पदरात मुळ्या असतात. पाटलांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ऊन कलायच्या आत हिनं गावाची येस वलांडावी. पुन्यांदा हितं पाय ठिवायचा न्हाई."

"मामा, म्या काय बी केलं न्हाई," चिमा एवढंच म्हणाली.

चिमाने काही केलं नाही हे म्हाळूला आतून ठाऊक होतं. पण केरबाकडे पाहिलं, तर त्यालाही काहीतरी आतून ठाऊकच होतं की. दोघांनाही तेवढंच पक्कं ठाऊक, आणि दोन्ही खरं तर असू शकत नाही. मग आतून ठाऊक असणं म्हणजे काय, या प्रश्नाने तो भर उन्हात चक्रावून गेला. शेवटी त्याने हात जोडले. "पाटील, समदी बोलणी एका कळपात मिसळल्यात. मला ज्याची त्याच्या दावणीला बांधू द्या."

तो ओढ्यावर गेला आणि चार गड्यांना न हलणारे तीन धोंडे एकामागून एक खांद्यावरून घेऊन आला, असं म्हणतात. उंबराखाली ते ओळीने मांडून तो म्हणाला, "डोळ्यांनी पाहिलं असंल, त्यानं पहिल्यावर बसावं. कानांनी ऐकलं असंल, त्यानं दुसऱ्यावर. मनानं ताडलं असंल, त्यानं तिसऱ्यावर. बसावं आन् मंग बोलावं."

केरबा तावातावाने पहिल्या धोंड्यावर बसला. "हिनं इख कालवलं," असं म्हणायचा अवकाश, धोंडा तव्यासारखा तापला आणि तो ताडकन उठला. धोंडा बिंडा काही तापला नाही, म्हाळूने नुसतं "तू बघितलंस?" असं विचारलं आणि तो आपणहून उठला, असंही काही जण सांगतात. कसंही असो, उठला एवढं खरं. मग पदरातल्या मुळ्यांचं सांगणारे आले, आणि एकेक करत सगळे दुसऱ्या धोंड्यावर गेले. पहिल्यावर बसायला कोणी उरलंच नाही. शेवटी केरबा पुन्हा पहिल्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझा बैल पाणी प्याला आन् पडला. येवढंच बघितलं म्या." या वेळी धोंडा गार राहिला. मग तो तिसऱ्यावर बसला. "म्हणून पाण्यात इख." धोंडा तापला नाही, नुसता डुगडुगला.

म्हाळू डोणीपाशी गेला आणि तोंड लावून अख्खी डोणी प्यायला. त्याला काही झालं नाही. त्याला वाटलं, सुटली चिमा. पण केरबा म्हणाला, "माणसाला बाधत नसंल, जनावराला बाधत असंल." हेही खोटं म्हणता येईना. म्हाळू पुन्हा गोंधळला आणि डोकं धरून बसला.

तेव्हा चिमा म्हणाली, "मामा, आपल्या मोरीला म्या रोज डोणीतलंच पाणी न्हेऊन पाजती. ती कुठं मेली?"

मोरी ही त्यांची गाय. खुराला जखम होती म्हणून पंधरा दिवस घरीच बांधलेली, चरायला गेलीच नव्हती. म्हाळू तिसऱ्या धोंड्यावर जाऊन बसला आणि मोठ्याने बोलायला लागला. "मोरी पाणी प्याली, चरायला न्हवती, जगली. मेली ती पाणी बी प्याली आन् चरायला बी..." इथं तो थांबला. गुरं मेली त्या तिन्ही दिवशी त्याने कळप ज्वारीच्या फुटव्यात घातला होता. सगळं रान करपलेलं, तेवढंच कोवळं हिरवं दिसलं, गुरांची दया आली म्हणून घातला होता. मधल्या दिवसांत तो डोंगराकडे गेला, तेव्हा एकही जनावर मेलं नव्हतं. त्याने दिवस पुढून मोजले, मग उलटे मोजले. कसेही मोजले तरी सगळं त्याच्याच दारात येऊन उभं राहत होतं.

फुटव्याचं त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तो गप्प बसला असता तर त्याला कोणी काही म्हणालं नसतं, आणि चिमा वेशीबाहेर गेली असती. म्हाळूला रडू आलं.

"गुरं म्याच न्हेली कोवळ्या फुटव्यात," तो म्हणाला. "जनावरं पाण्यानं न्हाई मेली. माझ्यामुळं मेली." या वेळी तिसरा धोंडा जराही हलला नाही, असं म्हणतात.

पाटलांनी विचारलं, "फुटव्यात इख असतंय, हे तुला ठावं होतं?"

"न्हाई."

"कशावरनं न्हाई?"

म्हाळू उठला आणि पहिल्या धोंड्याशी गेला, पण ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट नव्हती. दुसऱ्यापाशी गेला, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्यापाशी जाऊन परत फिरला, कारण आपल्याच मनात काय होतं ते माणूस ताडणार कशावरून. शेवटी तो खाली मातीवर बसला. "ते मला दाखवता येत न्हाई, पाटील. कुठं बसावं तेच कळंना."

ऊन कललं. दोषी म्हणावं तर त्याने मुद्दाम केलं नव्हतं, निर्दोष म्हणावं तर चार जनावरं मेली होती. तेव्हा म्हाळूने आपली काठी धोंड्यांशेजारी ठेवली, चिमाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गावाने न सांगता वेस ओलांडली. चिमा रडत मागे धावली. तिला ओढ्याकाठी त्याची घोंगडी तेवढी सापडली, असं म्हणतात. कोणी म्हणतं तो सापडलाही, पण आला नाही. त्या संध्याकाळी राखायला कोणी नसताना सगळी गुरं एकेक करून आपापल्या दावणीला येऊन उभी राहिली.

उंबरदऱ्यात आजही ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात गुरं सोडत नाहीत. गावकीत बोलायचं तर आधी तीनपैकी एका धोंड्यावर बसावं लागतं. म्हाळूची गोष्ट सांगणाराही दुसऱ्या धोंड्यावर बसूनच ती सांगतो, म्हणून त्याला घडीघडी 'असं म्हणतात' म्हणणं भाग पडतं.

आणि दरवर्षी ज्वारीची कापणी झाली की गाव उंबराखाली जमतं. सगळ्यांत वयस्कर माणूस विचारतो, "म्हाळूचा दोष होता का?" मग धोंड्यांवर बसलेले उठतात, पारावरचे उतरतात, आणि सगळं गाव खाली मातीवर बसतं. केरबाच्या घराण्यातला माणूस सगळ्यांच्या आधी बसतो.