गेनूचं चौथं पत्र

युद्ध पेटलं होतं. मावळातल्या गेनू वाळंजला छावणीत शिकाऊ शिपाई होऊन दोन महिने झाले होते. पहाटे कवायत, दुपारी खंदक खोदणं आणि संध्याकाळी करपलेल्या रोट्या, असा त्याचा दिवस जाई. घरी आई पत्राची वाट पाहत होती. पण पत्रं तपासणारे कॅप्टन दिघे भलतेच कडक. गेनूची तीन पत्रं त्यांनी फाडली होती. एकात रोट्यांचा उल्लेख होता, दुसऱ्यात पायाच्या फोडांचा, तिसऱ्यात साहेबांच्या ओरडण्याचा.

"शत्रूच्या हाती पडलं तर?" ते सगळ्यांसमोर गरजले. "छावणीबद्दल एक अक्षरही खरं लिहायचं नाही. हुकूम आहे माझा!"

गेनूने चौथं पत्र लिहिलं. दिघेसाहेबांनी ते खुशीत येऊन साऱ्या तुकडीला वाचून दाखवलं. "'जेवण सुग्रास असतं. बूट मापाचे मिळालेत. आमचे कॅप्टनसाहेब फार प्रेमळ आणि हुशार आहेत.' शाब्बास! पत्र असं लिहावं."

"जी साहेब," गेनू ताठ उभा राहून म्हणाला, "हुकमाप्रमाणे एक अक्षरही खरं लिहिलेलं नाही."

तुकडीने ओठ घट्ट मिटून घेतले. पत्र फाडायला साहेबांचा हात उचलला गेला. पण आपलाच हुकूम पाळणारं पत्र फाडायचं कसं? त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि 'मी खुशाल आहे, काळजी करू नकोस', हेही खोटंच का?"

"ते खरं आहे, साहेब. ते माझ्याबद्दल आहे, छावणीबद्दल नाही."

दिघेसाहेबांनी शिक्का मारला. पत्र त्याच दिवसाच्या टपालाने मावळाकडे निघालं.