राणीची पांढरी वेल

फार फार वर्षांमागं, तुमच्या पणजीच्या पणजीलाही दात आले नव्हते तेव्हा, एका राज्यात एक राणी होती. तिला बूड टेकून बसणं ठाऊकच नव्हतं. गादीवर बसली की उठायची, उठली की खिडकीशी, खिडकीशी गेली की परत गादीवर.

तिच्या महालात एक वेल होती. लग्नात आईनं पाठवणीला दिलेली. आता आई राहिली नव्हती, वेल तेवढी होती. शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर चढायची. काही पानं हिरवी, काही दुधासारखी पांढरी, काही अर्धी-अर्धी. जणू भिंत रंगवताना कुणाच्या हातून चुना सांडला!

राणीला पांढरंच आवडे. "हिरवं काय, रानात ढीगभर आहे," म्हणाली अन् घेतली कात्री. हिरवं दिसलं की कच्च!

म्हातारी माळीण धावत आली. "राणीसाहेब, हिरवी राहू द्या. ती राबतात, म्हणून पांढरी मिरवतात."

"तू आपलं खुरपं बघ!"

झालं. वेल झाली पांढरीशुभ्र. दरबार म्हणाला, वा वा! अन् महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. नवा कोंब येईना. राणीचा जीव थाऱ्यावर राहीना. सकाळी कुंडी या खिडकीत, दुपारी त्या खिडकीत, तासातासाला पाणी. मातीचा चिखल झाला, पानं गळायला लागली.

राणीनं माळणीचे हात धरले. "आईची एवढीच खूण गं माझ्याकडं. वाचव हिला. सांगशील ते करते."

माळीण मोठी खट्याळ. म्हणाली, "मग आधी स्वयंपाकिणींना घरी धाडा. हाताला काजळी, लुगड्याला हळदीचे डाग. महालाला शोभतात का? नटलेल्या चवरीवाल्या तेवढ्या ठेवा."

राणीनं धाडल्या. हसू नका, तुम्हीही धाडल्या असत्या!

दुपारी ताट आलं नाही. रात्रीही नाही. चवरीवाल्या आपल्या वारा घालतायत. दुसऱ्या दिवशी राणीला भोवळ आली.

"अगं, कुणी भाकर देतं का?"

"चवरीचा वारा खा की, राणीसाहेब," माळीण म्हणाली. "हिरवी पानं म्हणजे वेलीच्या स्वयंपाकिणी. त्या तुम्ही छाटल्यात, महिनाभर ती तेच खातेय."

राणी मटकन खाली बसली. जन्मात पहिल्यांदा बसली, अन् बसून राहिली.

स्वयंपाकिणी परत आल्या. माळणीनं वेल निरखली. मातीजवळ, देठावर, दोऱ्याएवढी एकच हिरवी रेघ उरली होती. त्या रेघेच्या वरचं सगळं माळणीनं छाटलं. राणीनं डोळे मिटून घेतले. उरलं बोटभर खोड.

"आता कुंडी हलवायची नाही. मातीत बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी."

कुंडीला हात लागू नये म्हणून राणी दोन महिने स्वतःच्या हातांवर बसून राहिली म्हणा ना! मग एक पान उलगडलं. अर्धं पांढरं, अर्धं हिरवं.

राणीनं ते आधी दरबाराला नाही दाखवलं. स्वयंपाकघरात जाऊन, काजळीच्या हातांना दाखवलं.

राबणारं साधं दिसतं म्हणून छाटलं, की मिरवणारंही उपाशी मरतं.