फाकडोजी आणि दारावरची उंबरबाई

फार पूर्वी एका गाढवाच्या रक्तात फाकडोजी नावाचा शिपाई राहत असे. होती एक पांढरी पेशीच, पण मिजास सरदाराची. जंतू दिसला की फाकडोजीच्या अंगावरून निरोप धावत पोटातल्या केंद्रक नावाच्या खोलीत शिरायचा, आणि आतून हुकूम सुटायचा, "हाण!" त्या खोलीच्या दारात उंबरबाई नावाचं प्रथिन बसायचं. निरोपांना वाट करून देणं एवढंच तिचं काम.

जंतू नसला, तरी एक बारकासा निरोप रोज यायचा. "तू हवा आहेस, जग." उंबरबाई तोही आत सोडायची.

"म्हातारे, जन्मात एक तरी जंतू मारलास का?" फाकडोजी एकदा खेकसला. "बसून खातेस, आणि असले बावळट निरोप सोडून माझी झोपमोड करतेस. चालती हो!"

"जाते बाबा. पण निरोपांना वाट सापडायची नाही."

"लढाईचा निरोप दार फोडून येतो!"

उंबरबाई गेली आणि दार मिटलं. "जग" म्हणणारा निरोप बाहेर ताटकळला, कंटाळून परत गेला. खोलीला वाटलं, आपण आता कोणालाच नको आहोत. नकोशा पेशींनी आपणहून मरावं म्हणून असतो तो हुकूम तिने सोडला, "आवरतं घे."

"अगं, पण शत्रू कुठाय?" फाकडोजी दारावर धडका देत ओरडला.

ते ओरडणंही दाराबाहेरच राहिलं. अंगावर एक ओरखडाही नसताना फाकडोजी मेला. गाढव उकिरड्यावर लोळत होतं, ते लोळतच राहिलं.