देवभातावरचं झाकण

एका गावात एक भोळा म्हाळू होता. सांगितलं तेवढं करायचा, आणि नेमकं तेवढंच करायचा. त्याची बायको शेवंती. तिचा मात्र त्याच्यावर फार जीव.

एकदा सासूबाईंचा निरोप आला. "जावई येडा हाय म्हनं. उद्या येते. त्यानंच रांधायचं. एक घास जरी बिघडला, तर लेकीला घेऊन जाते."

शेवंती लगेच तयारीला लागली. तिने बेत साधाच ठेवला. तळ्याकाठी आपोआप उगवतो तो देवभात, त्यात वारुळावरची अळंबी आणि वरून भाजलेले काजू.

"आधी काजू फोडा," ती म्हणाली.

म्हाळूने फोडले. टरफलं आणि गर, सगळं एकाच वाटीत भरून ठेवलं.

"आवो, वरचं टाकायचं, आतलं ठेवायचं!"

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

त्याने ध्यानात ठेवलं. मग अळंबी घेतली. वरचं सोललं, टाकलं. आतलं काही दिसेना, म्हणून आणखी सोललं, टाकलं. अर्धी टोपली संपली, तरी आतलं काही सापडलं नाही.

"आवो, ह्यातलं काय बी टाकायचं न्हाई! धुवायचं आन् हाय तसं घालायचं!"

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

मग भात घेतला. धुतला आणि आहे तसा, तुसासकट, कुसळांसकट हंडीत ओतला.

शेवंतीने कपाळावर हात मारला. "आवो, आत काय हाय ते बघावं तरी मानसानं!" तिने भात उपसला, वाळवला, स्वतःच कांडला, पाखडला. उरलेली अळंबी घालून हंडी चुलीवर चढवली आणि झाकण ठेवलं.

म्हाळू चुलीपुढे बसला. झाकण उचललं, आत काय आहे ते बघितलं, ठेवलं. पुन्हा उचललं, बघितलं, ठेवलं. सगळी वाफ घरभर झाली. भात टणक तो टणकच.

आता मात्र शेवंती रडकुंडीला आली. "धनी, पाया पडते तुमच्या. वाफ धरली की झाकण घट्ट बसवायचं. कितीबी खडखडू दे, उघडायचं न्हाई. खडखड थांबली की वरून काजू पेरायचे. बास!"

"असं व्हय? आता मेलो तरी इसरायचा न्हाई."

आणि काय सांगावं, या खेपेला भात झाला! मऊ, मोकळा, घरभर वास सुटलेला. शेवंतीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सासूबाई आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या. "आदी आंघूळ करते," म्हणाल्या आणि कढत पाणी घेऊन न्हाणीत शिरल्या. शेवंती केळीची पानं आणायला मळ्यात गेली.

परत येऊन बघते तो काय! म्हाळू न्हाणीच्या दाराशी उभा, हातात काजूची वाटी. दाराला बाहेरून कडी, वर भक्कम पाटा टेकवलेला. दार धडाधडा हलत होतं.

"आवो, आई कुठाय?"

"आत हायत. दाराखालनं वाफ याय लागली, तवा झाकण घट्ट बसवलं. कवापासनं खडखडतंय, पर म्या उघडलं न्हाई."

आतून सासूबाई ओरडल्या, "शेवंते, दार उघड! आन् तुजं गाठोडं बांध!"

शेवंती कडीकडे धावली. म्हाळूने चटकन तिचा हात धरला.

"थांब की! ऐकलंस न्हवं? अजून खडखडतंय. काजू इतक्यात पेरायचे न्हाईत."