तांबडा पट्टा

“साडेसहा कोटी वर्षांपुढं एकोणीस वर्षं म्हणजे काय, बाबा?”

लाकडं ओली होती, गिरीबाबा चूल फुंकत राहिले.

प्राध्यापक दिगंबर केंजळे गुहेच्या तोंडाशी बसले होते. उभी हयात त्यांनी पोरांना दगड शिकवले. दरवर्षी साताऱ्याहून विद्यार्थी घेऊन ते याच कड्याखाली यायचे, आणि जाता जाता गुहेत राहणाऱ्या या गोसावीबाबांनाही डोंगराचं वय ऐकवून जायचे. बाबा मुकाट ऐकून घेत. दगडाला हात लागला की केंजळे लगेच पांढऱ्या रुमालानं बोटं पुसत. रुमाल विसरला तर सर डोंगरच चढायचे नाहीत, अशी पोरं मागून चेष्टा करत.

यंदा ते एकटेच आले होते. पावसाळा सरता सरता त्यांची एकोणीस वर्षांची एकुलती एक लेक, ऊर्जिता, तापानं गेली. दिवसकार्य आटोपल्यावर रडणाऱ्या बायकोची, शरयूची, समजूत घालायला त्यांनी हेच सांगितलं होतं, की पृथ्वीच्या हिशेबात एकोणीस वर्षं धुळीएवढीही नसतात. शरयू जी गप्प झाली, ती झालीच. ताट वाढायची, दिवा लावायची, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. घर खायला उठत होतं.

“मी खोटं बोललो का?” केंजळे म्हणाले. “शास्त्रच आहे ते. मग तिला का पटत नाही? आणि... मलाही का पेलत नाही?”

बाबा उठले. कड्यापाशी जाऊन त्यांनी काळ्या दगडावर काठी टेकवली आणि हा एवढा थोरला थर व्हायला किती काळ लागला, ते विचारलं.

केंजळ्यांना वर्गातलं बळ आलं. लाव्हाचा लोट आला, पसरला, थिजला. बोलूनचालून आगीचं काम, त्याला वेळ कितीसा लागणार, फार तर काही वर्षं, असं त्यांनी सांगितलं.

काठी खाली सरकली. दोन काळ्या थरांच्या मध्ये वीतभर तांबडा पट्टा होता. त्यातून पाणी झिरपत होतं. बाबांचा हंडा तिथंच भरायचा.

“आनि ह्यो?”

“ती माती, बाबा. ऊनपाऊस खाऊन दगडाची माती झाली. तिच्यात काहीबाही उगवलं असेल, वाढलं असेल... मग वरून दुसरा लोट आला आणि सगळं भाजून निघालं.”

“तिला किती वरसं लागली?”

“हजारो. कदाचित लाखभरही...”

“आनि जाडी वीतभर.”

इतकी वर्षं फळ्यावर तो पट्टा केंजळे एका रेघेत उरकत आले होते.

बाबांनी त्यांचा हात धरला आणि त्या ओल्या मातीत दाबून धरला. माती गार होती.

...

बऱ्याच वेळानं केंजळ्यांचे खांदे हलू लागले. लेक गेल्यापासून ते आज पहिल्यांदा रडत होते.

ऊन कड्यावरून उतरलं. हात मनगटापर्यंत तांबडा झाला होता. सवयीनं दुसरा हात खिशाकडं गेला आणि रुमाल बाहेर आला.

बाबांनी तो काढून घेतला.

“पुसू नगंस. असाच घरला, मालकिणीपाशी जा.”