डोकं आपटायची जागा

फार वर्षांपूर्वी एका बंदराजवळच्या शेडमध्ये एक लाकडी पाणबुडी राहायची. अणुशक्तीवर चालणारी खरी लढाऊ पाणबुडी तेव्हा कागदावरच होती. आराखडा जमलाय का, हे पाहायला आत्माराम मेस्त्रींनी आधी ही तेवढीच मोठी, लाकडाची बनवली होती. अणुभट्टीच्या जागी नुसतं रिकामं पिंप होतं.

पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माणसं सांगायचं तेवढंच विसरतात.

रोज खलाशी तिच्या आतून धावायचे. उंचपुऱ्या बळवंताचं डोकं दाराजवळच्या नळीवर आपटायचं, की "सापडली चूक!" म्हणत मेस्त्री खूश होऊन तिथे खडूने फुली मारायचे.

"लागलं त्याला, आणि हे हसतात कशाला?" तिने मेस्त्रींच्या मापाच्या टेपला विचारलं. "माझ्यात एकही चूक उरली नाही, की मला समुद्रात सोडतील ना?"

"इतकी घाई करू नकोस गं बाई," एवढंच म्हणून टेप आपल्या डबीत शिरला.

शेवटी मेस्त्रींनी ती नळी काढून दुसरीकडून नेली. सगळे धावले, कुणालाच काही लागलं नाही. टाळ्या झाल्या. पाणबुडी हरखली. आता समुद्र!

मेस्त्री आले ते पहार घेऊन. "छान काम केलंस हो," म्हणत त्यांनी पहिली फळी उचकटली. तिला शेवटपर्यंत काही उमगलं नाही.

पुढे खरी, पोलादी पाणबुडी खोल पाण्यात उतरली. तिच्यातल्या त्याच दाराशी आला की बळवंत अजूनही मान खाली घालतो. तिथे तर काहीच नाही. पोलादी पाणबुडी बुचकळ्यात पडते : हा रोज नमस्कार करतो तरी कुणाला?