औषधाचा वानोळा

एका बाजाराच्या गावी शिवलिंगआप्पांचे औषधांचे दुकान होते. आप्पा मनाने दयाळू. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे गरीब म्हाताऱ्यांना परवडत नाहीत, हे ते रोज पाहत. म्हणून दर सोमवारी देवळाच्या पायरीवर त्यांनी औषधे फुकट वाटायला सुरुवात केली. एकेकाचे नाव मोठ्याने पुकारले जाई. लोक टाळ्या वाजवत. आप्पांना धन्य वाटे.

गोधड्या शिवून पोट भरणारी अनसाबाई पहिल्याच सोमवारी आली. तिला रक्तदाबाचा त्रास होता. गोळी चुकली तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिचे नाव पुकारताच पारावरून कोणी हसले, "काय गं अनसे, तूही फुकट्यांच्या रांगेत?"

अनसाबाईने पदर पुढे ओढला आणि ती रिकाम्या हातांनी घरी गेली. पुन्हा ती आली नाही.

"एवढा ताठा!" आप्पा मनात चिडले.

थंडीच्या तोंडावर ते गोधडी शिवायला टाकण्यासाठी तिच्या घरी गेले. तिचे पाय सुजले होते, धाप लागत होती. अडकित्त्यात गोळी धरून ती कातरत होती.

"अहो मावशी, अर्धीच? जीव जाईल!"

"जाऊ दे, आप्पा. गोळी अर्धी खाते, पण मान पुरता राखते."

आप्पा उठले. औषध आपण फुकट दिले, पण त्याची किंमत टाळ्यांतून वसूल केली, हे त्यांना उमगले. देवळापुढचे वाटप त्यांनी बंद केले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको नीलाक्का वाडगाभर पावट्याच्या शेंगा घेऊन अनसाबाईच्या दारी आली. "परसातला वानोळा आणलाय, मावशी."

वानोळ्याला कोण नाही म्हणणार? शेंगा उपसताना खाली गोळ्यांची पाकिटे लागली. म्हातारीने वर पाहिले.

"तुमच्या परसात गोळ्यांचंही झाड आहे वाटतं?"

"यंदा चांगलंच बहरलंय."

अनसाबाईचे डोळे भरून आले. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, म्हणून तिने त्यात जवसाची चटणी भरून दिली.

मग असे वाडगे गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊ लागले. एकही रिकामा परत आला नाही. आणि अनसाबाईचा अडकित्ता पुन्हा फक्त सुपारी कातरू लागला.

तात्पर्य: घेणाऱ्याला मान खाली घालायला लावून दिलेले औषध अर्धेच लागू पडते; मान राखून दिलेले पुरते गुण देते.